‘दरडोई कर्ज’ म्हणतात त्यातला माझा हिस्सा नक्की वसूल कसा होतो?

मंडळी, मदत हवी आहे. अर्थसंकल्प आला की एक बातमी हमखास येते: देशाचं कर्ज भागिले लोकसंख्या, म्हणून प्रत्येकाच्या डोक्यावर इतकं कर्ज. मला त्याची कधी नोटीस आली नाही, हप्ता कापला गेला नाही. मग हा आकडा नुसता घाबरवायला असतो का?

अडलंय ते असं. सरकार कर न वाढवता रोखे, म्हणजे ठरावीक मुदतीची व्याज देणारी कर्जपत्रं, विकून खर्च भागवतं. मुदत संपली की नवे रोखे विकून जुने फेडतं. हे असंच चालू राहिलं तर करदात्याला झळ बसते कुठून? ‘नोटा छापतील’ आणि ‘देश बुडेल’ ही दोन्ही उत्तरं वाचून झाली आहेत, कृपया ती नकोत.

प्रतिसाद १
तो भागाकार सोडून द्या. रोखे कोणाकडे आहेत ते त्यात दिसतच नाही. बरेचसे बँका, विमा कंपन्या आणि पेन्शन फंडांकडे असतात, म्हणजे घेणेकऱ्यांतही थोडेफार तुम्ही आहातच. गोम अशी की कर सगळे भरतात आणि व्याज ज्याच्याकडे रोखे त्याला मिळतं.

मुद्दल पुढे ढकलता येतं, व्याज मात्र दरवर्षी मोजावं लागतं, तेही बहुतांशी करातून. ते वाढलं की कात्री शाळा-रस्त्यांना लागते.

आणि कर्ज कोणत्या चलनात आहे ते बघा. जपानचं कर्ज जीडीपीच्या २०० टक्क्यांहून जास्त, पण येनमध्ये, आणि बहुतेक घरच्याच लोकांचं. श्रीलंकेचं प्रमाण त्याहून बरंच कमी, तरी एप्रिल २०२२ मध्ये परकीय कर्जाची फेड थांबवावी लागली, कारण डॉलर संपले. त्याच वर्षी तिथला व्हॅट ८ वरून १५ टक्क्यांवर गेला आणि जानेवारी २०२४ मध्ये १८ वर. तुमच्या ‘वसुली कशी होते’चं इतकं सरळ उत्तर क्वचितच मिळतं.

धागाकर्ता
म्हणजे एरवी कर तोच, पण पदरात पडतं कमी. हे पटलं. पण अमेरिकेचं कर्ज १९४६ साली जीडीपीच्या १०० टक्क्यांवर होतं ना? पुढच्या तीसेक वर्षांत ते प्रमाण पार उतरलं. ते कोणी फेडलं?

प्रतिसाद २
डॉलरमध्ये मोजलं तर ते उलट वाढलंच! जीडीपी त्याहून कितीतरी वेगाने वाढला, म्हणून प्रमाण उतरलं. पण त्यात महागाईचाही हात होता. १९५१ पर्यंत फेडरल रिझर्व्हने, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेने, रोख्यांचे व्याजदर दाबून धरले होते, दीर्घ मुदतीचे अडीच टक्क्यांच्या आसपास, आणि १९४७ साली महागाई होती १४ टक्क्यांच्या वर. ज्यांनी युद्धरोखे घेतले त्यांची बचत झिजली. संसदेत एकही विधेयक न आणता वसूल केलेला करच म्हणा.

धागाकर्ता
मग आमच्यासारख्यांनी लक्ष कशावर ठेवायचं?

प्रतिसाद १
महसुलातले किती पैसे व्याजात जातात यावर. आणि गृहकर्ज बदलत्या दराचं असेल तर सरकारी रोख्यांच्या परताव्यावर, म्हणजे सरकारला बाजारात ज्या दराने कर्ज मिळतं त्यावर. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२२ मध्ये पैसा कुठून येणार ते न सांगता मोठी करकपात जाहीर झाली. काही दिवसांतच रोख्यांचा परतावा उसळला, आणि कर्ज देणाऱ्यांनी गृहकर्जाच्या योजना मागे घेऊन पुढे चढ्या दराने आणल्या. बरीचशी करकपात नंतर रद्दही झाली.