व्हीआरएसनंतर गिरणी आणि भाजणी: 18 लाखांतले किती घालावेत?

गाळा_57
वय 57. व्हीआरएसचे (स्वेच्छानिवृत्तीचे) 18 लाख महिन्यापूर्वी हातात आले. घरखर्च महिना 30 हजार, पेन्शन नाही. पुण्याजवळ रस्त्यालगत छोटा गाळा 9 हजार भाड्याने मिळतोय. दगडाची पिठाची गिरणी टाकायची आणि सोबत बायकोच्या हातची थालीपिठाची भाजणी विकायची असं मनात आहे. आजूबाजूला नोकऱ्या जातायत, लोक हात आखडून खर्च करतायत. अशा वेळी किती पैसा घालावा? कर्ज काढावं का?

खतावणी
काका, गाळ्याचं डिपॉझिट देण्याआधी घरखर्चाचे 18 महिने बाजूला काढा. म्हणजे 5 लाख 40 हजार. ते वेगवेगळ्या मुदतीच्या एफडींत ठेवा, म्हणजे गरज पडली तर एकच मोडावी लागेल.

दुसरं काम तातडीचं आहे. ज्येष्ठ नागरिक बचत योजना एरवी 60 नंतर मिळते, पण व्हीआरएस घेतलेल्यांना 55 पासून खातं उघडता येतं. अट एवढीच की निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत ते भरावे लागतात. तुमचा एक महिना गेला. व्याज दर तिमाहीला येतं, त्याचा घरखर्चाला हातभार लागेल. मात्र ते पैसे पाच वर्षांसाठी गेले असंच धरा. मधे काढले तर कपात होते, आणि ते तारण ठेवून कर्जही मिळत नाही.

कर्जाचं म्हणाल तर आधी जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन पीएमईजीपीचे (नव्या छोट्या उद्योगाला बँक कर्जासोबत अनुदान देणारी केंद्राची योजना) अर्ज घेतायत का ते विचारा. वयाची वरची मर्यादा नाही. अर्ज ताईंच्या नावाने केला तर प्रकल्पाच्या खर्चात स्वतःचा वाटा 10 ऐवजी 5 टक्के लागतो आणि अनुदान शहरी भागात 25, ग्रामीण भागात 35 टक्के. पुरुषाला खुल्या गटात तेच 15 आणि 25. नवरा-बायकोपैकी एकालाच मिळतं. लोक चुकतात ते इथे: मंजुरीआधीच मशीन आणून बसवतात. योजना नव्या उद्योगासाठी आहे, चालू असलेला धंदा त्यात बसत नाही. आणि अनुदान लगेच हातात पडत नाही, बँकेत तीन वर्षं अडकून राहतं. तोवर हप्ता कसा भरायचा ते आधी मांडून बघा.

उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंद, सरकारी पोर्टलवर फुकट होते. त्यासाठी पैसे मागणाऱ्या साइटवर आधार क्रमांक टाकू नका.

जातं_आणि_पट्टा
मंदीत दळणाचा धंदा बरा, कारण धान्य गिऱ्हाइकाचं असतं. माल भरून ठेवावा लागत नाही. पण भाड्याचा हिशोब किलोत करा.

10 एचपीची मोटर पूर्ण भारावर तासाला साधारण साडेसात युनिट खाते. 10 किलो गव्हाला 8 मिनिटं लागली तर 1 युनिट झालं. युनिट 10 रुपये आणि दळणाचा दर किलोला 6 रुपये धरला, तर वीज जाऊन किलोमागे 5 उरतात. 9 हजार भाड्यासाठी महिन्याला 1800 किलो, म्हणजे 26 दिवस रोज 70 किलोच्या आसपास. दगडाची टाकी (झिजलेल्या खाचा पुन्हा कोरणं), पट्टा, बेअरिंग, तुमची मजुरी हे सगळं त्याच्या वर. तुमच्या भागातला खरा दर घालून हेच गणित करा. त्या गल्लीत सकाळ-संध्याकाळ आठवडाभर उभं राहून किती डबे दुसऱ्या गिरणीकडे जातात ते मोजा. घरोघरी छोट्या गिरण्या आल्यात, म्हणून नुसती घरं मोजून उपयोग नाही.

गाळ्याला बहुतेक वाणिज्यिक मीटर असेल. महावितरणच्या दरपत्रकात पिठाची गिरणी औद्योगिक वर्गात आहे. थ्री-फेज आणि पुरेसा मंजूर भार त्याच वर्गात मागा. वरच्या मजल्यावर राहती घरं असतील तर तो गाळा सोडा, आवाज आणि पिठाची धूळ यांवरून भांडणं ठरलेली.

गाळा_57
दगडाला टाकी कधी द्यायची, हे कसं कळतं? रोजच्या चुका कुठल्या होतात?

जातं_आणि_पट्टा
पीठ पडतं तिथे हात धरा. कोमट असेल तर ठीक. चटका बसत असेल तर टाकी बोथट झालीय किंवा दगड फार जवळ घेतलेत. टाकी दिल्यावर पहिलं दोन किलो धान्य स्वतःचं घाला आणि ते पीठ टाकून द्या, नाहीतर गिऱ्हाइकाच्या पोळीत कचकच जाते आणि ते गिऱ्हाईक तुटतं. दगड भिडवून रिकामी गिरणी चालवू नका. धुतलेला गहू दाताखाली कट्‍कन फुटला पाहिजे. ओलसर असेल तर पीठ दगडाला चिकटून बसतं, असं दळण परत पाठवा. धान्य ओततात त्या हॉपरमध्ये लोहचुंबक लावा, धान्यात खिळा येतोच. उपवासाचं दळण सकाळी, दगड झाडून, सगळ्यांत आधी. डाळी शेवटी. इलेक्ट्रॉनिक काट्याला दरवर्षी वैधमापनचा (वजन-मापं तपासणारं सरकारी खातं) शिक्का लागतो.

भाजणीघर
ताई, भाजणी पहिले सहा महिने घरच्या कढईतच, एका वेळी 5 किलो. प्रत्येक धान्य वेगळं, मंद आचेवर भाजा. ज्वारी आणि उडीद एकत्र टाकले तर एक करपतं, दुसरं कच्चं राहतं. भाजल्यावर घट येते, तिचं वजन करा. समजा 5 किलो मिश्रणाला 450 रुपये लागले आणि दळून 4.6 किलो हाती आलं, तर किलो 98 रुपयांना पडली, 90 ला नाही. त्यावर गॅस, दळण, पिशवी आणि तुमचे तास. हे धरले नाहीत तर जितकी जास्त विकाल तितका तोटा.

गरम पीठ कधीही पिशवीत भरू नका. आत वाफ धरते, गुठळ्या होतात, वास येतो. ताटात पसरून पूर्ण गार होऊ द्या. कच्च्या बाजरीचं पीठ आठ-दहा दिवसांत कडवट होतं. भाजल्याने ते लांबतं, थांबत नाही. म्हणून पहिल्या घाण्याच्या चार पिशव्या घरी ठेवा, दर आठवड्याला एक उघडून थालीपीठ लावा, आणि चव बिघडली त्याच्या बऱ्याच आधीची तारीख पिशवीवर छापा.

एफएसएसएआय (अन्नसुरक्षेचं केंद्रीय प्राधिकरण) नोंदणी पहिल्या विक्रीआधी करा, तिचा क्रमांक पिशवीवर हवा. सोबत निव्वळ वजन, पॅकिंगची तारीख, एमआरपी, पत्ता, तक्रारीचा फोन आणि शाकाहाराची हिरवी खूण. छापील पिशव्या हजारांनी मागवू नका. साध्या पिशवीवर स्टिकर लावा, कारण पहिल्या काही महिन्यांत वजन आणि किंमत दोन्ही बदलतात.