मंडळातून जिल्हा संघटनेत आलोय, कामाची पद्धत कशी बदलू? अनुभवी लोकांची मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

बारा वर्षं गावच्या कबड्डी मंडळाचं काम पाहिलं. यंदा जिल्हा संघटनेवर सहकार्यवाह म्हणून निवडून आलो आणि पहिल्याच मोठ्या कामात कमी पडलो.

कुमार गटाची निवड चाचणी होती. सकाळी साडेसातला मी गुडघ्यांवर बसून मॅटच्या सांध्यांना चिकटपट्टी लावत होतो, कारण मंडळात ते मीच करायचो. तेवढ्यात वजनकाट्यापाशी गलका झाला. मर्यादा ७० किलोची, एका पोराचं वजन भरलं ७० किलो ४०० ग्रॅम, आणि त्याचे प्रशिक्षक म्हणत होते की काटाच चुकतोय. निर्णय कुणी द्यायचा हे आधी ठरवलंच नव्हतं. त्यात दोन पंच आले नाहीत, राखीव नावं काढून ठेवलेली नव्हती. पहिला सामना दीड तास उशिरा लागला. वजनासाठी उपाशी आलेली पोरं तोवर उन्हात बसून होती. ते अजून मनातून जात नाही.

रॉबर्ट कॅट्झ यांनी १९५५ मध्ये व्यवस्थापकाच्या कौशल्यांची मांडणी केली, ती वाचली. कामाचं तंत्र, माणसं सांभाळणं आणि सगळ्या कारभाराचा एकत्र विचार. खालच्या पायरीवर तंत्र जास्त लागतं, वर जावं तसा विचार. माणसं मात्र सगळीकडेच सांभाळावी लागतात. पटलं. मैदान आखणं, गुणपत्रक लिहिणं मला झोपेतही जमेल. पण वर्षाचं वेळापत्रक बसवणं, पंचांची नवी फळी उभी करणं, मुलींच्या स्पर्धांसाठी पैसे बाजूला काढणं मी कधी केलेलं नाही. आमची संघटना सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली आहे. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, हेही निवडून आल्यावरच कळलं.

सगळ्यात अवघड जातंय ते माणसांचं. ज्यांच्या हाताखाली खेळलो, ते अण्णा आता माझ्या समितीत आहेत. त्यांना काम नेमून कसं द्यायचं? झालं का, असं विचारायलाही जीभ रेटत नाही, मग मीच उठून करतो.

जिल्हा किंवा राज्य पातळीवर काम केलेल्यांनी सांगावं: कामं लेखी वाटून देता का? ज्येष्ठांना कसं सांगता? आणि कुठली कामं तुम्ही ठरवून सोडून दिलीत? पुढच्या महिन्यात महिला गटाची चाचणी आहे, त्याआधी वाटणी करायची आहे.