डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट नसताना सर्व ॲप्स एकसारखी आणि वाचनीय कशी करावीत?

प्रश्न

माझ्याकडे चार जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे. पडदा साडेबारा इंची, १३६६ × ७६८ पिक्सेलचा. त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली आणि केवळ ओपनबॉक्स हा विंडो मॅनेजर (खिडक्या मांडणारा व हलवणारा प्रोग्राम) बसवला आहे. वेगाबद्दल माझी तक्रार नाही, परंतु काही ॲप्स राखाडी व जुनाट दिसतात, क्यूटी या बटणे-मेनू बनवण्याच्या संचावर आधारलेली ॲप्स वेगळ्याच रंगांत उघडतात, अनेक बटणांवर चिन्हेच नाहीत आणि अक्षरे इतकी बारीक आहेत की मराठी मजकूर वाचताना डोळे शिणतात. एलएक्सअपिअरन्स या रूप बदलण्याच्या साधनातून थीम बदलली, तिचा परिणाम मोजक्याच ॲप्सवर झाला. क्यूटी५सीटी हे क्यूटी ॲप्सचे रूप ठरवणारे साधन बसवून त्यासाठीचा व्हेरिएबल (ॲप्सना सेटिंग कळवणारे नाव व मूल्य) बॅशआरसी फाइलीत लिहिला. आता तेच ॲप टर्मिनलवरून सुरू केल्यास व्यवस्थित दिसते, ओपनबॉक्सच्या मेनूतून उघडल्यास मात्र पूर्वीसारखेच. पूर्ण डेस्कटॉप न बसवता यातून मार्ग निघेल का?

पहिले उत्तर

निघेल, आणि तुमच्या शेवटच्या निरीक्षणातच त्याची किल्ली आहे. बॅशआरसी ही फाइल टर्मिनलमधील शेल (आज्ञा चालवणारा प्रोग्राम) वाचतो. ओपनबॉक्स त्याच्या आधीच सुरू झालेला असल्यामुळे तिच्यातील व्हेरिएबल ना त्याला कळतो, ना त्याच्या मेनूतून उघडणाऱ्या ॲपला. तो व्हेरिएबल होम फोल्डरातील एक्ससेशनआरसी या फाइलीत (नावाच्या आधी टिंब हवे) एक्सपोर्ट करून लिहा. लॉगिनच्या पडद्यावरून सत्र सुरू होताना डेबियन ही फाइल विंडो मॅनेजरच्या आधी वाचते. तुम्ही सत्र सुरू करायला स्टार्टएक्स ही आज्ञा वापरत असाल आणि स्वतःची एक्सइनिटआरसी लिहिली असेल, तर तीच ओळ तिथे ओपनबॉक्सच्या ओळीच्या वर हवी. त्यानंतर लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करा.

चिन्हे न दिसण्याचे कारण बहुधा साधे आहे: हायकलर ही मूळ आयकॉन थीम जवळजवळ रिकामी असते. पॅपिरससारखी पूर्ण थीम बसवून एलएक्सअपिअरन्स आणि क्यूटी५सीटी या दोन्हींत तीच निवडा. जीटीके हा क्यूटीसारखाच दुसरा संच; जीटीके २ आणि जीटीके ३ यांच्या सेटिंग्जच्या फाइली वेगवेगळ्या असतात, म्हणून दोन्ही आवृत्त्यांचे फोल्डर असलेलीच थीम घ्या. एक नसेल तर त्या आवृत्तीची ॲप्स राखाडीच राहतात. लिबअद्वैता ही ग्नोम डेस्कटॉपची लायब्ररी वापरणारी नवी ॲप्स बाहेरची थीम मुळातच स्वीकारत नाहीत, गडद किंवा उजळ रंगाची पसंती मात्र मानतात. त्यांच्याशी झगडण्यापेक्षा त्याच कामाचे दुसरे ॲप शोधणे मला अधिक योग्य वाटते.

दुसरे उत्तर

मी अक्षरांपुरते लिहितो, कारण थीमपेक्षा डोळ्यांना अधिक आराम त्यानेच मिळतो. एक्स सर्व्हर (पडद्यावर चित्र उमटवणारा प्रोग्राम) सहसा दर इंचाला ९६ बिंदू धरून चालतो, तर तुमच्या पडद्यावर ते सुमारे १२५ आहेत. अक्षरे बारीक दिसतात ती या तफावतीमुळे. होममधील एक्सरिसोर्सेस फाइलीत एक्सएफटी डीपीआय (दर इंचाचे बिंदू) १२० लिहा आणि हिंटिंग (अक्षरांच्या कडा पिक्सेलशी जुळवणे) हलके ठेवा. पुढे कधी एक्ससेटिंग्सडी (ॲप्सना सेटिंग्ज पुरवणारा प्रोग्राम) वापरलात, तर तिथे हाच आकडा १०२४ ने गुणून, म्हणजे १२२८८० असा द्यावा लागतो, हे ध्यानात असू द्या.

मराठीसाठी आणखी एक गोष्ट आवर्जून करा. जीटीके ॲप्समधील मजकूर मांडणारी पँगो ही लायब्ररी, दुसरी सूचना नसेल तर, देवनागरी मजकूर हिंदी आहे असे समजते. पँगो लँग्वेज हा व्हेरिएबल ‘ईएन’, विसर्गचिन्ह (कोलन) आणि ‘एमआर’ अशा क्रमाने त्याच एक्ससेशनआरसीमध्ये लिहिल्यास इंग्रजी मेनू तसेच राहतात आणि लोहित देवनागरीसारख्या, मराठी रूपे सामावणाऱ्या फाँटमध्ये ल आणि श आपल्या वळणाचे उमटतात. शाळेपासून डोळ्यांत बसलेली ती अक्षरे पडद्यावर पाहताना मला खरोखर समाधान वाटले.

प्रश्नकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. व्हेरिएबल हलवताच क्यूटीची ॲप्स मेनूतूनही नीट उघडू लागली, चिन्हे आली, आणि १२० वर मजकूर आता चष्मा न सावरता वाचता येतो. एकच उणीव उरली आहे: रिकाम्या डेस्कटॉपवर माउसचा बाण जुनाच दिसतो, ॲपवर नेला की बदलतो.

पहिले उत्तर देणारे

होममधील आयकॉन्स फोल्डरात (याच्याही नावाआधी टिंब आहे) डिफॉल्ट नावाचा फोल्डर करा, त्यात इंडेक्स डॉट थीम ही फाइल तयार करा आणि ‘इनहेरिट्स’ या ओळीत तुमच्या कर्सर थीमचे नाव लिहा. त्यानंतर ओपनबॉक्सच्या ऑटोस्टार्ट फाइलीत एक्ससेटरूट ही आज्ञा कर्सरचे नाव ‘लेफ्ट पीटीआर’ देऊन घाला. रिकाम्या जागेवरचा बाणही बदलेल.