मदत हवी आहे: बाबाकडून परत आला की मुलगा दोन दिवस बिथरलेला असतो

अबोली:
मुलगा सात वर्षांचा, दुसरीत. घटस्फोटाला आठ महिने झाले, ताबा माझ्याकडे. एक आड एक शनिवारी वडील त्याला चिंचवडला नेतात आणि रविवारी रात्री साडेआठला कोथरूडला आणून सोडतात. त्या रात्री साधं "बूट काढ" म्हटलं तरी आकांत. सोमवारी सकाळी पोट दुखतं. तीन वर्षांचा असल्यापासून अंथरूण कोरडं होतं, गेले चार महिने आठवड्यातून दोन-तीनदा ओलं होतंय. परवा म्हणाला, "मी शहाण्यासारखा वागलो तर बाबा परत राहायला येईल?" वडिलांकडे मारहाण, व्यसन असलं काही नाही. घरी मी, तो आणि माझी आई. भेटी काही दिवस बंद कराव्यात का?

पाटीपेन्सिल:
भेटी बंद करू नका. बिथरतो म्हणजे तिकडे काहीतरी वाईट घडतं असा अर्थ लगेच काढू नये. एका घरातून दुसऱ्या घरात जाताना मुलाला आतून गिअर बदलावा लागतो, आणि तुमच्याकडे तो बदल साडेआठला सुरू होतो, झोपेच्या तोंडावर, दुसऱ्या दिवशी शाळा. आधी वेळ बदला. रविवारी पाच-साडेपाचला आणून सोडा म्हणावं. एखाद्या वेळी तास-दोन तास इकडेतिकडे आपसात ठरवता येतात, कायमचा बदल मात्र वकिलाशी बोलून कोर्टात नोंदवून घेतलेला बरा.

घरात आल्यावर पहिला अर्धा तास एकही प्रश्न नाही. "काय जेवलास, कोण आलं होतं, बाबा काय म्हणाला" हे आपल्याला साधं वाटतं, त्याला ती उलटतपासणी वाटते. मजा आली म्हणावं तर आई दुखावेल, नाही म्हणावं तर बाबाशी बेइमानी. मग ते सगळं बुटांवर निघतं. बूट पायात असले तर असू देत. आंघोळ, वरणभात, नेहमीची गादी, दर वेळी याच क्रमाने. एकदाच सांगून ठेवा: "बाबाकडची गंमत सांगितलीस तरी मला आवडेल, नाही सांगितलीस तरी चालेल." आणि त्याने सांगितलीच, तर चेहरा सांभाळा.

औषध, जेवण, गृहपाठ, झोप एवढ्या चारच गोष्टी तुम्ही दोघांनी मेसेजवर एकमेकांना कळवा. फीचे पैसे, उशीर का झाला, यातलं काहीही मुलाच्या तोंडून जाता कामा नये.

घडीची चादर:
अंथरुणाचं आधी बालरोगतज्ज्ञांना दाखवा, लगेच मानसिक म्हणून सोडून देऊ नका. सहा महिन्यांहून जास्त कोरडं राहून पुन्हा सुरू झालं की लघवी तपासतात, जंतुसंसर्ग आणि साखर दोन्हींसाठी. खूप तहान लागत असेल, वजन उतरत असेल, तर त्याच दिवशी जा. शौचाला खडा होतो का तेही बघा. भरलेलं आतडं मूत्राशयावर दाबतं, आणि सोमवारचं पोट त्यानेही दुखू शकतं.

घरी करायचं ते असं. पाणी दिवसभर नीट प्यायला द्या, झोपायच्या आधीचा तास-दीड तास कमी. झोपताना लघवीला जाणं नेमाने. गादीवर मेणकापड, त्यावर चादर, त्यावर पुन्हा मेणकापड आणि चादर. रात्री ओलं झालं की वरची जोडी ओढून काढायची, खाली कोरडं अंथरूण तयार. दिवा लावून, गादी उचलून, "पुन्हा केलंस?" हा तमाशाच होत नाही. चादर बादलीत टाकायला त्याला बोलवायला हरकत नाही, फक्त ती शिक्षा वाटू नये. आणि तो झोपलाय असं समजून आजीशी त्याविषयी बोलू नका, मुलं जागी असतात.

पाटीपेन्सिल:
त्याच्या "शहाण्यासारखा वागलो तर" या प्रश्नाविषयी लिहायचं राहिलं. या वयात मुलं घरातल्या मोडतोडीचं कारण स्वतःत शोधतात. "तुझी चूक नाही" एवढं सांगून लोक थांबतात, ते अर्धंच उत्तर. पूर्ण असं: "आईबाबांचं आपसात पटेना म्हणून आम्ही दोन घरांत राहतो. तुझ्यामुळे ते झालं नाही, आणि तू कितीही शहाण्यासारखा वागलास तरी ते बदलणार नाही. तू दोघांचाही आहेस, तेही बदलणार नाही." दुसरं वाक्य ऐकायला कठोर आहे, पण ते नसलं तर पोरगं महिनोन्महिने चांगलं वागून वाट बघत बसतं. हेच वाक्य वडिलांनीही जवळपास याच शब्दांत सांगायला हवं. महिन्याभरात पुन्हा विचारेल, तेव्हा पुन्हा तेच.

मोगरा:
आजींना "बापावर गेलाय" हे वाक्य बंद करायला सांगा. रागाने बोललेलं असो वा कौतुकाने, मुलाला ऐकू येतं ते एवढंच की माझा अर्धा भाग या घरात चालत नाही. नातेवाइकांचं "आता तूच घरातला कर्ता" हेही तसंच. सात वर्षांच्या पोराने आईचे डोळे पुसायचे नसतात. तुम्हाला त्याच्यासमोर रडू आलं तर "आज मला वाईट वाटतंय, मी मावशीशी बोलेन, तू खेळ" इतकं पुरतं.

वर्गशिक्षकांना दोनच गोष्टी कळवा: मुलगा दोन घरांत राहतो, आणि त्याला न्यायला कोण येऊ शकतं, तेवढी नावं लेखी. कारण विचारलं तरी सांगायची गरज नाही.

अबोली:
खूप मदत झाली. तिकडे मोबाइल हवा तेवढा मिळतो, त्याचं काय? आणि हे सगळं निवळायला किती दिवस द्यायचे?

पाटीपेन्सिल:
मोबाइलवर भांडू नका. तिकडच्यांकडून एकच गोष्ट मागा, झोपेची वेळ. बाकीचं "या घरात असं" म्हटलं की मुलांना कळतं, शाळेचे आणि घरचे नियम वेगळे असतात हे त्यांना ठाऊकच असतं. रोज पंधरा मिनिटं मात्र पक्की: फोन दुसऱ्या खोलीत, खेळ तो ठरवेल, तुम्ही शिकवायचं नाही की चुका काढायच्या नाहीत. आठवड्यातून पाच दिवस जमलं तरी खूप.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर बाबाचे दिवस त्यालाच रंगवू द्या, पुढचे दोन महिने एकदम. कधी जायचंय हे दिसलं की निम्मी धाकधूक कमी होते.

मोगरा:
शाळेत जाणंच टाळू लागला, "मी नसतो तर बरं झालं असतं" असं काही बोलला, किंवा तिकडे जायला घाबरून नकार देऊ लागला, तर वाट न बघता बालमानसतज्ज्ञ गाठा. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, मोफत क्रमांकावरही विचारता येतं. मारहाण किंवा नको तो स्पर्श असल्याची शंका आली तर वरचे भेटी चालू ठेवायचे सल्ले बाजूला ठेवा आणि १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करा.

घडीची चादर:
एरवी सहा ते आठ आठवडे. ओल्या रात्रींची खूण तुमच्या डायरीत करा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर नको. खुणेपुढे थोडक्यात लिहा: शौच झालं का, उद्या शाळा होती का, बाबाकडून आलेली रात्र होती का. आकडा हलला नाही तर तेच पान घेऊन डॉक्टरांकडे जा.