मेडल म्हणजे बॅटरी नव्हे

कुसुंबी (धागाकर्ती):

जुन्या जपानी मालिकांवरच्या चर्चेत ‘यंत्रशाळा’ यांनी काल असे मत मांडले की, ‘मेडाबॉट्स’मधील षटकोनी मेडल ही निव्वळ कथाकाराची सोय आहे, मालकाचे न ऐकणारा गाभा म्हणजे सदोष माल आहे, आणि सुटे भाग बदलून लढणाऱ्या यंत्रमानवांच्या कथेत मनाची मुळात गरजच नाही. त्या मताला चार ओळींत उत्तर देणे मला शक्य नव्हते, म्हणून हा स्वतंत्र धागा काढला आहे.

या कथेतली रचना नीट पाहा. टिनपेट नावाचा सांगाडा, त्यावर चढवायचे डोके, दोन हात आणि पाय, आणि पाठीत बसवायचे मेडल. सगळे भाग दुकानात विकत मिळतात, आणि हरणाऱ्याने आपला एक भाग जिंकणाऱ्याच्या हाती ठेवायचा असतो. याचा अर्थ शरीर हा देण्याघेण्याचा माल आहे. स्वभाव, आठवणी आणि आजवरच्या लढतींतून आलेले शहाणपण मात्र मेडलमध्ये राहते. म्हणूनच डोक्याचे चिलखत निकामी झाले की मेडल बाहेर उडते आणि लढत तिथेच संपते.

1997 साली गेम बॉय या हातातल्या खेळयंत्रासाठी आलेल्या मूळ खेळातही हाच विचार आहे. कोणता भाग चालवायचा हे खेळाडू सांगतो, पण नेमबाजी करताना प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्या भागावर रोख धरायचा, हे मेडलचा स्वभाव ठरवतो. शिवाय ज्या प्रकारची चाल तुम्ही पुन्हा पुन्हा करायला लावता, तिच्यात ते मेडल तरबेज होत जाते. बॅटरीला स्वभाव नसतो आणि ती काही शिकतही नाही.

1999 च्या मालिकेतील इक्की या मुलाकडे यंत्रमानव घेण्याइतके पैसे नसतात. त्याला नदीत एक मेडल सापडते आणि दुकानातून तो जुन्या धाटणीचे शरीर आणतो. त्यातून उभा राहिलेला मेटाबी पहिल्याच लढतीपासून उलट उत्तरे देतो, सांगितलेले करत नाही आणि मनाला येईल तेव्हा गोळी झाडतो. हुकूम सोडून उपयोग नाही, याच्याशी बोलावे लागेल, हे इक्कीला हळूहळू कळते, आणि माझ्या मते सगळी मालिका या एका गोष्टीवर उभी आहे. हा दोष काढून टाकला, तर मागे फक्त भागांच्या ताकदीचे कोष्टक उरेल.

यंत्रशाळा:

माझ्या मताचा सारांश बराचसा बरोबर दिला आहे, त्याबद्दल आभार. परंतु ‘मनाशिवाय कथा उभी राहत नाही’ हा दावा मला अजिबात मान्य नाही. 2011 साली आलेल्या एलबीएक्सच्या मालिकेतील छोट्या यंत्रयोद्ध्यांना मन नाही. मुले त्यांना हातातल्या उपकरणावरून चालवतात. हरलो तर माझा अंगठा चुकला आणि जिंकलो तर माझा सराव फळाला आला, असे ते मूल म्हणू शकते. मेडाबॉट्समध्ये मूल मैदानाच्या कडेला उभे राहून ओरडत असते आणि विजय कोणाचा हेच शेवटपर्यंत स्पष्ट होत नाही. स्पर्धेची कथा सांगायची असेल, तर यश आणि चूक दोन्ही स्पर्धकाच्या पदरात पडली पाहिजेत. आज्ञा न पाळणारे यंत्र पडद्यावर गोड दिसते. प्रत्यक्षात असे यंत्र कोणी घरात ठेवणार नाही.

सोल्डरगन:

आपण दोघेही शरीराला गृहीत धरत आहात, आणि खरा घोटाळा तेथेच आहे. मी महाविद्यालयात असताना आमचा रोबोवॉरचा, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या यंत्रांच्या झुंजीचा संघ होता. ज्या मित्राने वेजवर, म्हणजे उताराच्या पुढच्या पात्याने समोरच्याला उचलणाऱ्या यंत्रावर हात बसवला होता, त्याच्याच हाती आम्ही पुढच्या वर्षी उभ्या चकतीचे यंत्र दिले. रिमोट तोच, माणूस तोच, पण पहिल्याच फेरीत त्याने वळण घेताच यंत्राचे एक चाक जमिनीवरून उचलले गेले आणि यंत्र कुशीवर कलंडले. वेगाने फिरणारी चकती आपल्या आसाची दिशा सहजासहजी बदलू देत नाही. जितके झटकन वळाल, तितक्या जोराने ती यंत्राला एका बाजूला उचलते. वेजवर मुरलेली झटक्यात वळण्याची सवयच त्याला नडली.

आता मला सांगा, नेमबाजीत तयार झालेले मेडल तलवारीच्या हाताच्या शरीरात बसवले, तर ते मन ‘तेच’ कसे राहील? त्याने जे काही शिकले, ते विशिष्ट वजन, विशिष्ट पोच आणि विशिष्ट पाय यांच्याशी बांधलेले आहे. आज संगणकावर सराव देऊन चालायला शिकवलेल्या यंत्रांचीही हीच अडचण आहे. एका शरीरासाठी घडवलेले नियंत्रण दुसऱ्या शरीरात जसेच्या तसे चालत नाही. मन सुटे करून खिशात घालता येते, ही या कथेची सर्वांत मोठी थाप आहे.

त्याच स्पर्धेत आयोजकांनी ऐनवेळी वजनाचा काटा बदलला आणि आमचे यंत्र जास्त भरले. रात्रीतून मागचे कवच कापावे लागले, वजनाचा तोल पुढे सरकला आणि जुळवलेले सगळे पुन्हा जुळवावे लागले. पंचांनी तक्रार ऐकून घेण्याचीही तसदी घेतली नाही. नियमपत्रक छापायचे आणि ते स्वतःच पाळायचे नाही, या प्रवृत्तीने आपल्याकडच्या किती तरी होतकरू मुलांचा उत्साह मारला आहे.

यंत्रशाळा:

शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. आमच्या वेळी तर बॅटरीची तपासणी लढत संपल्यावर झाली होती! मात्र उभ्या चकतीच्या बाबतीत चूक चालकाची नसून रचनेची होती. चाकांमधले अंतर वाढवले असते, चकती हलकी ठेवली असती, तर यंत्र कलंडले नसते.

सोल्डरगन:

आमची रचना न पाहता आपण निकाल देत आहात. चकती हलकी केली की आघातही हलका होतो आणि मग ती बसवायचीच कशाला? वर्कशॉपमध्ये रात्री जागून काम केलेल्या माणसाला असे फुकटचे सल्ले देऊ नयेत.

कुसुंबी:

कृपया चाकांचे भांडण दुसरीकडे न्यावे. सोल्डरगन यांच्या मुद्द्यातले एक मला नाइलाजाने मान्य करावे लागते. खेळातही मेडलच्या कौशल्याशी न जुळणारे भाग लावले तर ते तितके चांगले लढत नाही, म्हणजे शरीर बदलले की काही फरक पडत नाही असे कथाही म्हणत नाही. पण आपला मित्र यंत्र बदलल्यावर कलंडला म्हणून तो दुसरा कोणी झाला नाही. तो अडखळला आणि पुन्हा शिकला. मेटाबीचेही नेमके तेच होते.

रानमेवा:

हा धागा वाचताना मला सतत सोनीच्या आयबो या यंत्रकुत्र्याची आठवण येत होती. मेडाबॉट्सची मालिका जुलै 1999 मध्ये सुरू झाली, आणि आदल्याच महिन्यात, 1 जून रोजी, आयबो विक्रीला आला होता. किंमत अडीच लाख येन, आणि जपानसाठी ठेवलेले 3,000 नग अवघ्या 20 मिनिटांत संपले. या कुत्र्याचे वागणे ठरवणारी प्रणाली त्याच्या पोटात घालायच्या मेमरी स्टिकवर असे. म्हणजे खऱ्या जगातले मेडलच!

पुढे 2006 साली उत्पादन थांबले आणि 2014 मध्ये कंपनीने दुरुस्तीही बंद केली. मग चिबा प्रांतातील इसुमी येथील कोफुकुजी या बौद्ध मंदिरात बंद पडलेल्या आयबोंसाठी विधी होऊ लागले, आणि त्यानंतर त्यांचे सुटे भाग इतर आयबोंच्या दुरुस्तीसाठी वापरले गेले. मंत्र म्हटले गेले ते देहासमोर. मन स्टिकवर आहे आणि देह बदलता येतो, एवढ्यावर त्या माणसांचे समाधान झाले नाही. कुसुंबी यांची मांडणी मला येथे तोकडी वाटते.

हे मी घरच्या अनुभवावरूनही सांगते. माझ्या वडिलांकडे बोलणारे एक छोटे यंत्र होते. त्याची सगळी अक्कल दूरच्या सर्व्हरवर होती. कंपनीने सेवा बंद केली तेव्हा यंत्र जसेच्या तसे होते, दिवाही लागायचा, पण उत्तर यायचे नाही. भावाने दुसरे आणून दिले. ‘याला माझे काही ठाऊक नाही,’ असे म्हणून वडिलांनी ते दोन दिवसांत परत केले. इक्कीचे मेडल निदान इक्कीच्या मुठीत होते. ज्याने सोबत केली त्याच्या आठवणी परक्याच्या कपाटात असाव्यात, याचा मला आजही संताप येतो.

पायरीवरचा:

आतापर्यंतच्या चर्चेत मूळ प्रश्नाला कोणीही हात घातलेला नाही. मेडलमध्ये मन आहे, ते रुसते, आठवण ठेवते, नाही म्हणते, हे कुसुंबी ठामपणे सांगतात. मग ते विकले कसे जाते? मालिकेत मूळ मेडले उत्खननात सापडलेली आहेत आणि त्यांच्या प्रती काढून बाजारात आणल्या आहेत. म्हणजे मनाच्या प्रती काढायच्या, किंमत लावायची, शाळकरी मुलांच्या हाती द्यायच्या आणि एकमेकांचे हात तोडायला लावायचे. हरला तर त्याचा हात दुसऱ्याला द्यायचा, आणि त्याला विचारायचेही नाही! मैत्रीचे गोडवे गाणाऱ्या प्रत्येकाने या एका नियमाचे समर्थन करून दाखवावे.

यंत्रशाळा यांची भूमिका मला थंड वाटते, पण ती प्रामाणिक तरी आहे. मन नसेल तर अन्यायही नाही.

कुसुंबी:

मी गोडवे गात नाही आणि हा आरोप मला लागला आहे. मालिकेने हा प्रश्न टाळला, असे म्हणणाऱ्याने रोकुशो या यंत्रमानवाची कथा पुन्हा पाहावी. आगीत प्रयोगशाळा जळाली, त्याचे मालक असलेले प्राध्यापक गेले असे सगळे समजतात, आणि रोकुशो त्या अवशेषांतच एकटा राहतो. त्याला कोणी चालवत नाही. तो नवा मालक शोधत नाही, तरीही त्याचे मन शाबूत आहे आणि कोणाशी लढायचे हे तो स्वतः ठरवतो. मेडलला मालक लागतोच असे नाही, हे कथेनेच दाखवून दिले आहे.

आता ‘मन नसेल तर अन्याय नाही’ याबद्दल. 2000 साली सुरू झालेल्या पुढच्या मालिकेत किलोबॉट येतात. त्यांच्यातून भावना काढून टाकलेल्या आहेत. ते उलट बोलत नाहीत, कचरत नाहीत आणि जिंकण्यासाठी नियमही गुंडाळून ठेवतात. यंत्रशाळा यांना हवा असलेला निर्दोष गाभा तो हाच. तो आल्यावर मैदानावर काय होते तेही कथा दाखवते: समोरचा मोडून पडला तरी थांबावे, असे वाटणारे कोणी यंत्रात उरत नाही. मेटाबी ऐकत नाही, त्याच कारणाने तो थांबूही शकतो.

भाग जप्त करण्याच्या नियमाचे समर्थन मी करू शकत नाही. तो नियम वाईट आहे. खेळ विकणाऱ्यांना भाग गोळा करण्याची हौस लावायची होती, आणि कथेने तो भार मुकाट्याने वाहिला.

पायरीवरचा:

एवढे कबूल करायला इतका मोठा धागा लागला. रोकुशोचा मुद्दा मी मान्य करतो, पण तो एकटा आहे, आणि दुकानाच्या फळीवर ठेवलेल्या हजारो प्रतींना ती मुभा कोणी दिली, याचे उत्तर त्यात नाही.

यंत्रशाळा:

किलोबॉटचे उदाहरण अडचणीचे आहे, हे मी नाकारत नाही. मात्र तिथे दोष भावना काढण्याचा नाही, थांबण्याचा नियम यंत्रात न घालण्याचा आहे. प्रत्यक्ष रोबोवॉरमध्ये पंच हात वर करतो, चालक बोट काढतो आणि दूरवरून यंत्र निकामी करण्याची सोय असल्याशिवाय कोणालाही आत सोडत नाहीत. त्यासाठी यंत्राला कणव येण्याची गरज पडत नाही. रानमेवा यांच्या वडिलांबद्दल वाचून वाईट वाटले, आणि आठवणी मालकाच्या हातात असाव्यात हे मला शंभर टक्के पटते. त्या अर्थाने मेडल ही चांगली कल्पना आहे, असे म्हणायला मी तयार आहे. सदोष माल हा शब्द मात्र मी मागे घेत नाही.

सोल्डरगन:

आणि चाकांमधले अंतर नियमपत्रकातल्या मापाच्या मर्यादेमुळे वाढवता येत नव्हते, हेही येथे नोंदवून ठेवतो.