हॉलमधले पट्टे आणि अंतरपाट

कॅमेऱ्याचं सायलेंट (आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक) शटर बंद केलं की लग्नाच्या हॉलमधल्या फोटोंवरचे आडवे पट्टे जातात, असं काहीजण सांगतात ते निम्मंच बरोबर. मेकॅनिकल शटरलाही १/५०० सेकंद ठेवलंत तर एक फ्रेम उजळ, पुढची पिवळट-काळपट येतेच. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. १/१०० किंवा १/५० ठेवलं की प्रत्येक फ्रेमला लुकलुकण्याचं पूर्ण आवर्तन मिळतं. स्टेजमागच्या एलईडी वॉलचं (मोठ्या पडद्याचं) गणित मात्र वेगळं, तिथे शटर जरा जरा बदलत कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघूनच ठरवायचं.

खरी पंचाईत अंतरपाट दूर होताना. १/१०० ला अक्षतांच्या रेघा होतात. म्हणून शटर तेच ठेवून कॅमेऱ्यात हॉलचा उजेड दीड-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा) खाली घ्या आणि फ्लॅश बाउन्स करा, म्हणजे छताकडे वळवून परतलेला उजेड वापरा. अक्षता फ्लॅशचा क्षणभराचा झोतच गोठवतो. वर मांडवाचं लाल-पिवळं कापड असेल तर बाउन्स नकोच, तोच रंग नवरीच्या चेहऱ्यावर उतरतो. हाय-स्पीड सिंकच्या (वेगवान शटरलाही फ्लॅश चालवणाऱ्या सोयीच्या) नादी लागू नका, फ्लॅशची ताकद घटते आणि पट्टेही परत येऊ शकतात. शिवाय समोरून उडणाऱ्या अक्षतांवर फोकस पळतो. ऑटोफोकस ट्रॅकिंगची संवेदनशीलता (मध्ये आलेल्या वस्तूकडे फोकस किती पटकन वळतो ते) मंगलाष्टकं चालू असतानाच कमी करून ठेवा, शेवटच्या ‘सावधान’नंतर मेनूत शिरायला वेळ कुठला!