डेव्हनशायर हाऊसचा बॉल म्हणजे नुसता माज? मला नाही पटत

जुनंपानं: काल इथे एकांनी लिहिलं की २ जुलै १८९७ ला लंडनमध्ये डेव्हनशायर हाऊसला झालेला फॅन्सी ड्रेस बॉल (वेषांतर करून जायची नाचाची मेजवानी) म्हणजे रिकामटेकड्यांचा माज. वाचून डोकंच फिरलं. अहो, ते पोशाख तरी बघा आधी! यजमानीण डचेस स्वतः पाल्मिराची झेनोबिया राणी झालेली, ड्रेस पॅरिसच्या वर्थ या फॅशन हाऊसकडचा, काय ते जरीकाम. लाफायेत स्टुडिओने बागेत तंबू ठोकून फोटो काढले म्हणून ते आज दिसतंय तरी. ७०० च्या आसपास पाहुणे, किती कारागिरांच्या हाताला काम मिळालं असेल. पैसा तिजोरीत कुजवला असता तर चाललं असतं का?

तिरकस_नाही_सरळ: 'हाताला काम मिळालं' हे लेडी वॉरिक या उमराव बाईचंही म्हणणं होतं. १८९५ ला तिने वॉरिक कॅसलवर बॉल दिला, ब्लॅचफर्ड या समाजवादी संपादकाने आपल्या 'क्लॅरियन' साप्ताहिकात सालटी काढली, तशी ही तरातरा त्याच्या ऑफिसात. त्याने सांगितलं की बाई, तेच हात लोकांच्या गरजेचं काहीतरी करत बसले असते. तिला पटलं, १९२३ ला मजूर पक्षातर्फे निवडणुकीला उभी राहिली.

जुनंपानं: आणि मधे १८९७ ला तीच बाई मारी आंत्वानेत होऊन याच बॉलला गेली, ते बरं गाळलंत.

काजंबटण: तुम्ही दोघं कारागीर कारागीर करताय म्हणून लिहिते. माझी आई लग्नसराईत एका बुटीकसाठी ब्लाउजवर आरी वर्क करायची. नवरीची तारीख हलत नाही, त्यामुळे रात्र रात्र खाटल्यावर वाकून बसायचं, सुई बोटात घुसली तरी कापडावर डाग पडू द्यायचा नाही आणि पैसे? "पुढच्या महिन्यात बघू." हे काम मिळणं का? १८६३ ला लंडनमध्ये मेरी ॲन वॉकली नावाची वीस वर्षांची मुलगी बॉलचे ड्रेस शिवताना सलग साडेसव्वीस तास राबली आणि गेली.

जुनंपानं: आईंचं वाचून वाईट वाटलं. बुटीकवाल्यांचं मान्य. पण १८६३ चं खापर १८९७ वर का फोडताय?

काजंबटण: कारण १८६३ चे ते ड्रेस नव्या युवराज्ञीच्या, अलेक्झांड्राच्या स्वागताच्या बॉलसाठी होते. हीच अलेक्झांड्रा १८९७ ला मार्गरित द व्हाल्वा ही जुनी फ्रेंच राणी होऊन तुमच्या लाडक्या बॉलला हजर.

गणेशखिंड: सगळे ड्रेसमध्येच अडकलेत! हा सगळा थाट राणीच्या हीरक महोत्सवाचा. त्याच महोत्सवाच्या मेजवानीहून परतताना २२ जूनला पुण्यात रँडवर गोळी झाडली आणि तो मेला ३ जुलैला, बॉलच्या दुसऱ्या दिवशी. इकडे प्लेग, दुष्काळ, घरात घुसणारे सोल्जर. आपण मराठी माणसांनी त्यांच्या जरीचं कौतुक करायचं?

जुनंपानं: प्रत्येक धाग्यावर रँड आणायलाच हवा का? भरतकाम आवडलं म्हणून मी इंग्रजांचा चमचा होत नाही.

गणेशखिंड: चमचा म्हटलं नाही. पण तारखा शेजारीशेजारी आहेत, त्या तुमच्या लेखात नव्हत्या.

जुनंपानं: बरं, घालतो तारखा. तरी पोशाख सुंदरच होते.

काजंबटण: सुंदर होतेच, कोण नाही म्हणतंय? ड्यूक ऑफ मार्लबरोच्या एका पोशाखाचं वर्थकडचं बिल ५,००० फ्रँक. मोती हाताने टाकलेले. ते टाकणाऱ्या मुलींना त्यातले किती मिळाले, ते सापडलं तर लिहा, तेवढंच मला वाचायचंय.